वाचून दाखव

बाळा,

गुरुवारी तू आलास तेव्हा मी ऑफिसला कुलूप लावत होते. बोरा बाजारातली दुकानं बंद होत होती आणि मला व्हीटीहून गाडी गाठायची होती. तू जिन्यातच उभा राहून दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. अंधेरीच्या व्हिसा कन्सल्टन्सीने तुला आत्ताच्या तिप्पट पगार देऊ केलाय ही एक. आणि तिथे नुसतं काम बघायला म्हणून बसलास त्याच दिवशी अंबरनाथच्या एका माणसाच्या कॅनडाच्या अर्जात तुला ‘नो’ टाकायला सांगितलं, ही दुसरी. तू टाकलं नाहीस, पण उठूनही आला नाहीस. ‘उद्या बघू’ म्हणालास. मग मला विचारलंस, ‘मावशी, एका शब्दाने असं काय बिघडतं?’

मी म्हणाले, ‘घरी जा.’

गाडीत मला ते लागून राहिलं. वकिलीची सनद मिळाल्यापासून चारचौघांत तू मला मॅडम म्हणतोस. त्या दिवशी मावशी म्हणालास, म्हणजे खरंच अडला होतास. म्हणून हे लिहितेय. बोलायला बसले असते तर पुन्हा चिडले असते.

खोटं लिहू नये हे तुला सांगायची गरज नाही, ते तुझ्या आईने केलंय. त्या माणसाची हकिगत तू सांगितलीस तीही मला पटली. २०१८ साली अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा मागितला होता, नाकारला गेला. आता बायको नर्स आहे, दोघांनी मिळून कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, अर्ज केलाय, आणि अर्जात प्रश्न आहे की कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारलाय का. कन्सल्टन्सीवाले म्हणतात, अमेरिकेचा नकार कॅनडाला कशाला सांगायचा, त्यांना कसं कळणार?

कळतं. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसाच्या अर्जदारांच्या बोटांचे ठसे आपसात ताडून बघतात. तुझ्या माणसाने २०१८ साली ठसे दिलेत, कॅनडासाठी पुन्हा देणार आहे. पण समज, कळणार नसतं तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं, म्हणून ठशांवर फार वेळ घालवत नाही.

तो २०१८ चा नकार काय होता ते बघ. कलम २१४ (बी). अमेरिकेचा कायदा व्हिजिटर व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला आधी कायमचा राहायला येणारा असंच धरून चालतो, आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. दोन-तीन मिनिटांत खिडकीवर ते पटवता आलं नाही की नकार. त्याने माणसावर कसलाही डाग लागत नाही, तो पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करू शकतो. इतकी साधी गोष्ट लपवली की मात्र कॅनडाच्या कायद्याचं कलम ४० लागतं, चुकीची माहिती दिल्याचं. पाच वर्षं प्रवेश बंद, आणि त्या पाच वर्षांत पीआरचा अर्जही करता येत नाही. नवऱ्याच्या एका उत्तरापायी बायकोचा अर्जही बसतो. ती नर्स, जिच्या जोरावर सगळं चाललंय, तिने काय केलं होतं?

हे सगळं तुला पुस्तकात सापडलं असतं. मी चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. मी तुला विचारलं, ‘प्रश्न त्याला वाचून दाखवलास का?’ तू म्हणालास, ‘नाही, तो बाहेर बसला होता.’

अर्ज त्याचा. पाच वर्षं त्याची जाणार. आणि तो बाहेर सोफ्यावर पाणी पीत बसला होता आणि आत तू आणि तो कन्सल्टन्सीवाला त्याचं उत्तर ठरवत होतात! हो लिहा की नाही लिहा, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? शेवटी त्या ऑनलाइन अर्जाच्या तळाशी त्याचं किंवा त्याच्या बायकोचं नाव टाइप होणार आणि तीच सही धरली जाणार. तुझं नाव कुठेही येणार नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि या पत्रात मी ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. ज्याची सही आहे त्याला अर्जातली प्रत्येक ओळ, त्याच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखव. सहीच्या आधी. प्रत्येक ओळ.

हे मी कुठे शिकले ते तुला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही माहीत नाही.

२००३ सालची गोष्ट. माझ्याकडे गिरगावातल्या एक बाई आल्या, पालिकेच्या शाळेत शिक्षिका. न्यू जर्सीत धाकटा भाऊ, त्याची बायपास ठरलेली. तिला तीन आठवड्यांसाठी जायचं होतं. त्या काळी डीएस-१५६ नावाचा फॉर्म असायचा आणि कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं, बीकेसीला ते २०११ मध्ये गेलं. माझ्याकडे एक नवा टायपिस्ट होता. त्याने आदल्या आठवड्यातल्या कोणाच्या तरी फॉर्मवरून हिचा फॉर्म भरला: नाव, पत्ता, तारखा बदलल्या आणि मागच्या पानावरची सगळी ‘नो’ तशीच ठेवली. त्यात एक प्रश्न होता, तुमच्यासाठी कोणी कधी इमिग्रंट व्हिसाचं पिटिशन दाखल केलं आहे का?

भावाने १९९७ मध्येच केलेलं होतं. बहिणीसाठी, एफ-४ च्या रांगेत. तिकडचे नागरिक भावंडांना कायम राहायला बोलावण्यासाठी करतात ते.

तिला त्याचा लपवण्याजोगा काही अर्थ होता हे माहीतच नव्हतं. तिला इंग्रजी वाचता यायचं, पण पिटिशन म्हणजे कोर्टातला अर्ज, एवढंच तिच्या डोक्यात. भावाने सहा वर्षांपूर्वी पाठवलेल्या एका कागदावर तिने जन्माचा दाखला जोडून दिला होता, तेच पिटिशन, हे तिला कोण सांगणार? मीच सांगायचं होतं. तिने माझ्यासमोर बसून फॉर्म उलटापालटा केला, चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘मॅडम, हे मागे काय काय विचारलंय?’

मी म्हणाले, ‘नेहमीचंच आहे. सही करा.’

तिच्याकडे निळ्या शाईचं पेन होतं. शाळेच्या हजेरीपटावर करायची तशी सही तिने केली, तारखेखाली दोन रेघा ओढून. ती झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. आता तू म्हणशील मावशी तेव्हा घाईत असेल. होते. त्या वर्षी तुझ्या काकांचं आजारपण होतं, ऑफिसचं भाडं तीन महिने थकलं होतं, आणि दिवसाला सहा-सात फॉर्म भरल्याशिवाय भागत नव्हतं. फोर्टमधले सगळे तसेच भरत होते, अजूनही भरतात. हे सगळं खरं आहे. पण एवढं सगळं खरं असूनही मला तो प्रश्न मराठीत विचारायला अर्धा मिनिट लागला असता: ‘तुमच्या भावाने तिकडे तुमच्यासाठी कधी काही कागद भरलाय का?’ ती लगेच हो म्हणाली असती.

खिडकीवरच्या अधिकाऱ्याने संगणकात बघितलं, पिटिशन दिसलं. फॉर्मवर ‘नो’. चुकीची माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न, हा शेरा पडला. हा २१४ (बी) सारखा सौम्य नसतो. याची बंदी आयुष्यभराची असते. तात्पुरत्या व्हिसासाठी सूट मागता येते, पण ती त्यांच्या मर्जीवर. २००९ मध्ये तिच्या एफ-४ चा नंबर लागला, बारा वर्षांनी. तेव्हाही तीच बंदी आडवी आली. कायम राहायला जाणाऱ्याला ती सूट हवी असेल तर नवरा, बायको किंवा आई-वडील यांच्यापैकी कोणी तिकडचं नागरिक किंवा ग्रीन कार्डवर असावं लागतं आणि त्यांचे अतोनात हाल होतील हे दाखवावं लागतं. भाऊ त्या यादीत नाही. तिच्याकडे फक्त भाऊच होता.

आणि जे मला रात्री जागं ठेवतं ते हे. सहा वर्षं तिला वाटत होतं की भावाने तिकडे काहीतरी वेडंवाकडं भरलंय. भावाला वाटत होतं बहिणीने खिडकीवर काहीतरी भलतंच सांगितलं. मधली दोन वर्षं दोघं बोलत नव्हते. मला हे माहीत होतं. मी गप्प राहिले.

२००९ ला दुसऱ्यांदा नाकारून आल्यावर मी तिला जुनी झेरॉक्स काढून दाखवली आणि सांगितलं, ही माझ्या ऑफिसची चूक आहे, माझी आहे. तिने कागद बराच वेळ बघितला. रागावली नाही. पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, ‘वाचून दाखवलं असतंत तर मी सांगितलं असतं हो.’

त्या दिवसापासून माझ्या टेबलावरून न वाचलेला एक फॉर्म गेलेला नाही.

आता पद्धत सांगते, कारण तू म्हणशील मावशी भावनेने बोलतेय. अशिलाला समोर नाही, शेजारी बसवायचं, स्क्रीन दोघांना दिसेल असं. बरोबर आलेल्या मुलाला, जावयाला थोडा वेळ बाहेर पाठवायचं, कारण जावयासमोर सासू पहिल्या लग्नाचं सांगत नाही. प्रश्न इंग्रजीतून जसाच्या तसा मराठीत ओतायचा नाही, घरात विचारतात तसा विचारायचा. ‘अन्य नावे वापरली आहेत का’ असं विचारलंस तर मान हलवून नाही म्हणतील. ‘लग्नाआधी नाव काय होतं? लग्नात नाव बदललं का? दाखल्यावर काय आहे, रेशन कार्डावर काय आहे?’ असं विचार. आपल्याकडे बायकांची लग्नात कधी कधी नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही बदलतात. अमेरिकेच्या आताच्या डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्ममध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रश्न आहे आणि शंभरातल्या कितीतरी फॉर्मवर तो डोळे मिटून ‘नो’ केलेला मी बघितलाय. मग शाळेचा दाखला एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा निघाला की राजपत्रातल्या नावबदलासाठी धावाधाव, तीसुद्धा मुलाखत आठ दिवसांवर आल्यावर.

उत्तर आलं की ते मी अशिलाच्याच शब्दांत कागदावर पेन्सिलीने लिहिते, मराठीत. मग इंग्रजीत भरते. मग भरलेलं पुन्हा मराठीत वाचून दाखवते. मग तो माझ्या पेन्सिलीच्या कागदाखाली स्वतःच्या हाताने लिहितो की मला सगळं वाचून दाखवलं. एका डीएस-१६० ला मला दीड तास लागतो. कॅनडाच्या पूर्ण अर्जाला दोन बैठका.

किल्ला कोर्टाबाहेर तू रोज बघतोस, प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाशी ‘एक्सप्लेन्ड अँड आयडेंटिफाइड बाय मी’ टाइप केलेलं असतं आणि वकील खाली सही ठोकतो. तूही ठोकतोस. यापुढे समजावून सांगितलं नसेल तिथे ती सही करू नकोस. पन्नास रुपये गेले तर जाऊ देत.

वाचून दाखवलं की काय होतं त्याचा एक प्रसंग सांगते, म्हणजे तुला फक्त माझं दुःखच दिसायला नको. लालबागचे एक आजोबा, गिरणीत साच्यावर होते. मुलगा डलासला, नातीच्या मुंजीसारखंच काहीतरी, बहुतेक पहिला वाढदिवस होता. मुलाने ऑनलाइन फॉर्म भरून पाठवला होता, मी फक्त कागदपत्रं बघायची होती. मी म्हटलं, बसा, वाचून दाखवते. अटकेच्या प्रश्नावर आले. ‘आजोबा, तुम्हाला कधी पोलिसांनी अटक केली होती का?’ मुलाने ‘नो’ भरलं होतं. आजोबा ताठ झाले. ‘म्हणजे काय! ब्याऐंशीचा संप. डॉक्टरांच्या मोर्चात. दोन दिवस आत होतो.’ त्यांना ते सांगताना जो अभिमान होता तो मला अजून आठवतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर जो संप सुरू झाला त्यात या माणसाची नोकरी गेली, गिरणी गेली, आणि मुलाने त्याचं उत्तर परस्पर ‘नो’ करून टाकलं होतं. वाईट हेतूने नाही. बापाला कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही ‘येस’ केलं. खाली तीन ओळी लिहिल्या: संप, मोर्चा, सोडून दिलं, खटला नाही. खिडकीवर त्यांना विचारलं, त्यांनी दुभाष्यामार्फत जसं घडलं तसं सांगितलं. व्हिसा मिळाला.

याचा अर्थ खरं सांगितलं की मिळतोच असा काढू नकोस. एका मुलाची दोन वर्षांची गॅप होती, अभ्यासात मन लागत नव्हतं, घरी बसला होता. एजंटने कुठल्याशा कंपनीचं अनुभवपत्र आणून देतो म्हणून सांगितलं होतं. मी त्याला प्रश्न वाचून दाखवला, त्याने खरं सांगितलं, खरं भरलं. नकार आला. सहा महिन्यांनी पुन्हा भरलं, पुन्हा नकार. त्याचे वडील मला रस्त्यात ओळख देत नाहीत. ठीक आहे. त्या मुलाच्या नावावर दोन २१४ (बी) आहेत, बंदी एकही नाही. खोटं अनुभवपत्र ऑस्ट्रेलियात तीन वर्षं अडवतं, ब्रिटनमध्ये फसवणूक धरली गेली तर दहा. नकार सोसता येतो. मी सोसलेत, अशिलांना सोसायला लावलेत, आणि त्याबद्दल मला कोणाची माफी मागावीशी वाटत नाही.

आता नोकरीचं. पगाराचा मोह तुला आहे हे चूक नाही, भाडं किती आहे ते मला कळतं. पण तू वकील आहेस हे विसरून हिशेब मांडतोयस. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरलीस तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागेल, एवढं तरी वाचलंयस ना? आणि त्यांचं ‘व्हिसा झाला तरच पैसे’ हे तुला इतकं प्रामाणिक वाटलं! बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाने निकालावर फी ठेवायला मनाई आहे. का आहे याचा विचार कर. ज्याचे पैसे ‘हो’ वर अडकलेत तो अशिलाला शांतपणे प्रश्न वाचून दाखवू शकत नाही. त्याला उत्तर आधीच ठरवायचं असतं.

आणखी एक गोष्ट तू सहज बोलून गेलास की तिथे सगळ्या अर्जदारांचे ईमेल कन्सल्टन्सीच उघडते, पासवर्ड त्यांच्याकडे. तू ती सोय समजलास. अरे, कॅनडाचा अधिकारी संशय आला की नाकारण्याआधी पत्र पाठवतो, आम्हाला असं असं दिसतंय, तुमचं काय म्हणणं आहे, इतक्या दिवसांत कळवा. ते पत्र कोणाच्या इनबॉक्समध्ये जाणार? अशील अंबरनाथला झोपलेला असणार आणि इकडे मुदत निघून जाणार. पहिल्या दिवशी अशिलाचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा फोन नंबर, पासवर्ड त्याच्याच डायरीत. आलेलं प्रत्येक पत्र त्याला मराठीत वाचून दाखव. हे त्याचंच पुढचं पान आहे.

आणि तिकडे परवाना कोणाचा आहे? पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधी व्हायचं तर तिथला वकील लागतो, क्वेबेकचा नोटरी लागतो किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक. प्रतिनिधीचं नाव अर्जात जाहीर करायचं असतं. अंधेरीतल्या त्या ऑफिसात परवाना कोणाकडे आहे ते विचारलंस? नावच टाकत नसतील तर अर्जदाराने एकट्यानेच भरलं असं भासवलं जातं, म्हणजे दुसरं खोटं, तेही त्याच्याच सहीखाली. नोकरीसाठी आखाती देशांत माणसं पाठवणाऱ्याला निदान १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, ती तपासता तरी येते.

तू आणि मी कॅनडाचे किंवा अमेरिकेचे वकील नाही. तिथला कायदा काय म्हणतो यावर लेखी सल्ला हवा असेल तर तिथल्या वकिलाकडे पाठवायचं, मी पाठवते. आपलं काम इथलं: जन्माचा दाखला नसेल तर तो कसा मिळवायचा, दत्तक, घटस्फोटाचा हुकूमनामा, नावबदल, पोलीस क्लिअरन्स, अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, पासपोर्ट, आणि नागरिकत्व कायदा. हे काम कमी नाही. यातच माणसं जास्त बुडतात.

नागरिकत्वाचं म्हणून मुद्दाम लिहिते, कारण तिथे लोक व्हिसाएवढेही प्रश्न विचारत नाहीत. आपल्या १९५५ च्या कायद्याचं कलम ९ अगदी साधं आहे. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारताचं संपतं. अर्ज लागत नाही, हुकूम लागत नाही. अमेरिकेच्या शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडल्याचे शब्द आहेत, म्हणून निदान तिथल्यांना थोडी कल्पना येते. कॅनडाच्या शपथेत तसे शब्द नाहीत. पाच वर्षांत १,०९५ दिवस भरतात, चाचणी देतात, शपथ घेतात आणि परत येताना खुशाल भारतीय पासपोर्ट दाखवतात, कारण त्यांना वाटतं आपण आता दोन्हीकडचे झालो. तो पासपोर्ट जमा करायचा असतो, वापरायचा नसतो.

राजापूरचा एक माणूस माझ्याकडे आला होता. टोरंटोत पंधरा वर्षं. ओसीआय कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं, म्हणाला, यावर ‘सिटिझन’ लिहिलंय ना? लिहिलंय, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना २००६ पासून हे कार्ड देतात. पण त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वाट्याला आली तर ठेवता येते. त्याला चुलत्याचा हिस्सा विकत घेऊन आंब्याच्या कलमांची बाग पुन्हा एकत्र करायची होती. त्यासाठीच पंधरा वर्षं पैसे साठवले होते. सातबारा त्याने लॅमिनेट करून आणला होता. मी त्याला कलम ९ वाचून दाखवलं, मग ओसीआयच्या मर्यादा, सगळं मराठीत. तो म्हणाला, ‘हे शपथेच्या आधी कोणी सांगितलं असतं तर मी शपथच घेतली नसती, इकडे परत राहायला येऊन बाग घेतली असती.’

धोबीतलावच्या गोवेकर कुटुंबांत तेच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता आहे. एजंट सांगतो, ही नुसती जन्मनोंद आहे. नुसती नसते. पुढे भारतीय नागरिकत्वाचा प्रश्न तिथूनच उभा राहतो. तोही मराठीत, कोकणीत, जी भाषा असेल तीत आधीच सांगायला हवा. मी कोणालाही जाऊ नका म्हणत नाही. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे हे सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच सांगितलंय, सतवंत सिंग साहनीच्या खटल्यात, त्यानंतर पासपोर्टचा कायदा आला. जा, नागरिक व्हा, सुखी व्हा. पण काय देऊन काय घेतोय ते ऐकून सही करा.

माझी भागीदार याच हट्टापायी सोडून गेली, हे तुला कोणी ना कोणी सांगितलं असेल. तिचं म्हणणं होतं की दीड तासात चार फॉर्म होतात. बरोबर आहे, होतात. तिची दोन ऑफिसं झाली, मी अजून बोरा बाजारातल्या पोटमाळ्यावर आहे. लोक म्हणतात बाईंना धंदा जमला नाही. मला जेवढा करायचा होता तेवढा जमला. २००९ नंतर माझ्या हातून भरलेल्या एकाही अर्जावर चुकीच्या माहितीचा शेरा पडलेला नाही. हे मी कोणाला दाखवायला सांगत नाही, पण तुला सांगते, कारण तू ज्या दिवशी ‘वेळ नाही’ म्हणशील त्या दिवशी तुला हे आठवायला हवं.

आणि ती शिक्षिका. तिच्या भावाशी मी स्वतः फोनवर बोलले, २००९ मध्येच, सगळं सांगितलं. तो दर दोन वर्षांनी इकडे येऊन भेटून जायचा, आता त्याचंही वय झालंय. तिच्यासाठी तात्पुरत्या व्हिसाची सूट मागून बघू म्हणून मी तिला तीनदा विचारलं. ती म्हणते, नको, पुन्हा त्या खिडकीवर उभं राहवत नाही. मी तिच्यावर जोर करत नाही. जोर करायचा हक्क मी गमावलाय.

तर आता काय करायचं ते ऐक. अर्ज अजून पाठवलेला नाही असं तू म्हणालास. उद्या सकाळीच त्या माणसाला फोन कर, कन्सल्टन्सीच्या नंबरवरून नको, तुझ्या स्वतःच्या. शनिवारी अकरा वाजता त्याला आणि त्याच्या बायकोला माझ्याकडे घेऊन ये. जुना पासपोर्ट आणायला सांग, २०१८ चं नकाराचं पत्र असेल तर ते, आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे ते विचारून ठेव. तेवढ्यासाठी त्यांच्याकडून पैसे घेणार नाही. मी शेजारी बसेन, पण वाचायचं तू. डबा मी तिघाचौघांचा आणते, दोन वाजेपर्यंत तरी चालेल.

मावशी